चाळिशीपुढचं ताट : पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

आज कामाला सुरुवात. चाळीस ते साठ वयाच्या बायकांसाठी आहारावरची छोटी पुस्तिका. चोवीस पानं, सोपी भाषा, मोठा टाइप. मजकूर माझा, वैद्यकीय तपासणी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची, आणि छापायला जाण्याआधी पाच वाचक. वयं ४३, ४७, ५०, ५४ आणि ५९. वाचताना जिथे अडखळायला होईल तिथे पेन्सिलीने फुली मारायची, एवढंच त्यांना सांगितलंय.

दुपारी पहिला आराखडा पाठवला. संध्याकाळीच ५४च्या ताईंचा फोन. "अगं, पहिल्या चार पानांत 'टाळा' हा शब्द मी मोजला. एकोणीस वेळा आलाय. गोड टाळा, तळलेलं टाळा, मीठ टाळा, रात्रीचं टाळा. मग मी खायचं काय, ते कुठल्या पानावर आहे?"

पानं उलटून पाहिली. ते अकराव्या पानावर होतं, आणि तेही अर्धंच पान.

त्यांचं म्हणणं मनाला लागलं, कारण ते खरं आहे. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या कितीतरी जणी जास्त खात नसतात. शरीराला हवं ते त्यांच्या पोटात कमी जात असतं. त्यांच्या हातात पुन्हा एक 'टाळा'ची यादी द्यायची, म्हणजे उरलंसुरलंही काढून घ्यायचं. आराखडा उलटा करायचा. आधी ताटात काय वाढायचं, ते. काय कमी करायचं ते मागून, आणि थोडक्यात.

९ जानेवारी

पान २. "चाळिशी आली की चयापचय मंदावतो" हे वाक्य खोडलं. बरीच वर्षं मी हे बायकांना सांगत आले. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. २९ देश, ६,४०० हून जास्त माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतची. शरीराचं आकारमान आणि बांधा हिशेबात धरला, की विशी ते साठी ऊर्जेचा खर्च जवळजवळ सारखाच राहतो. पाळी जाताना त्यात वेगळी घसरण दिसत नाही. उतार लागतो तो साठीनंतर, तोही हळूहळू.

मग पोट सुटतं ते कशाने, हा प्रश्न लगेच येणार. त्याला उत्तर 'स्वान' या अभ्यासात आहे. अमेरिकेत १९९६पासून मध्यमवयीन बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा हा अभ्यास. त्यातून २०१९ साली जे मांडलं गेलं ते असं : पाळी अनियमित होऊ लागते त्या सुमारास शरीरात चरबी जमण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो आणि स्नायूंसकट बाकीचं वजन उतरायला लागतं. शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षांपर्यंत हे चालतं, मग स्थिरावतं. आणि या सगळ्या काळात काट्यावरचं वजन आपल्या आधीच्याच चालीने वाढत असतं! आत अदलाबदल चाललेली असते आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून 'वजन नोंदवा' हा तक्ता काढला. त्या जागी कंबरेचं माप.

याच पानावर उपासमारीच्या आहारांबद्दल दोन ओळी हव्यात. झपाट्याने वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि या वयात तो परत मिळवायला फार कष्ट पडतात. "महिन्यात आठ किलो" असं सांगणाऱ्यांना मी दारातही उभं करणार नाही.

१४ जानेवारी

शब्दांवर अर्धा दिवस गेला. 'रजोनिवृत्ती' की 'पाळी जाणं'? बोलताना सगळ्या जणी 'पाळी जाणं'च म्हणतात. तेच ठेवलं, रजोनिवृत्ती एकदाच, ओळख म्हणून. व्याख्या चौकटीत : सलग बारा महिने पाळी आली नाही की पाळी गेली म्हणायचं. बहुतेकींची ४५ ते ५५च्या दरम्यान जाते. चाळिशीच्या आत गेली तर मात्र डॉक्टरांना दाखवायचंच, हे ठळक टाइपात.

२१ जानेवारी

प्रथिनांचं पान. या पुस्तिकेतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं.

४७च्या ताई स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घेऊनच आल्या. त्यांचं वजन ६२ किलो. म्हटलं, कालच्या दिवसाचं सगळं मोजू या. सकाळी दूध घातलेला चहा आणि दोन टोस्ट : सात ग्रॅम प्रथिनं. दुपारी भात, भाजी, पातळ डाळ. "डाळ खाते की मी रोज," त्या म्हणाल्या. किती कोरडी डाळ शिजवली, हे त्यांना काट्यावर ठेवायला सांगितलं. त्यांच्या वाट्याची मसूरडाळ २५ ग्रॅम भरली. तळहाताच्या खळग्यात बसली, कडेला बोटं मोकळी. त्यातून सहा ग्रॅम. भात-भाजी धरून दुपारचे बारा. संध्याकाळी फळ, एक ग्रॅम. रात्री सूप आणि पाव, नऊ. झोपताना कपभर दूध, सात. बेरीज छत्तीस.

त्या काट्याकडे बघत राहिल्या. "आणि मला वाटायचं, माझं खाणं अगदी व्यवस्थित आहे."

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी ठरवलेला आकडा आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम. म्हणजे यांना ५१ ग्रॅम लागणार. वयाबरोबर स्नायूंचा प्रथिनांना मिळणारा प्रतिसाद मंदावतो, म्हणून २०१३ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ६५च्या पुढच्यांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवले. आता पन्नाशीच्या बाईला कुठला आकडा द्यायचा? बराच विचार केला. ०.८३ ही खालची रेघ आणि १ हे धरून चालायचं माप, असं छापते. हिशेबालाही सोपं : जेवढे किलो तेवढे ग्रॅम. स्नायूची गळती साठीत दिसते, पण सुरू आधीच होते, त्यामुळे थांबण्यात अर्थ नाही.

मग बसून भर कशी घालायची ते पाहिलं. सकाळी दोन अंडी, बारा ग्रॅम. डाळीचं प्रमाण दुप्पट करून ती घट्टच खायची, आणखी सहा. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, साधारण तीस ग्रॅम वजनाचे, त्यातून सात-आठ. छत्तीसचे बासष्ट झाले. अंडं न खाणारीसाठी घट्ट दही किंवा टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर; शिजवलेलं सोयाबीन शंभर ग्रॅम घेतलं तर सतराच्या आसपास मिळतात. यात महागडी पावडर कुठेच आली नाही याचं मला बरं वाटलं.

एक निरीक्षण लिहून ठेवते : कमतरता सगळ्यात जास्त सकाळच्या खाण्यात आहे. दिवसभराचं रात्रीच भरून काढण्यापेक्षा तिन्ही वेळा थोडं थोडं वाटून घेतलेलं बरं.

२२ जानेवारी

डॉक्टर बाईंचा लाल पेन : "मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. हे तळटीपेत घालू नका, तक्त्याच्या डोक्यावर घाला." घातलं.

३ फेब्रुवारी

कॅल्शियम. चार दिवस यातच आहे.

पहिली अडचण आकड्यांची. ब्रिटनमध्ये प्रौढ बाईला दिवसाला ७०० मिलिग्रॅम सांगतात. युरोपात ९५०. अमेरिकेत पन्नाशीपर्यंत १,००० आणि ५१पासून १,२००. हाड सगळीकडे तेच, हिशेबाची रीत वेगळी. ४३च्या ताईंनी फुली मारून विचारलं, "यातला खरा कुठला?" तिन्ही आकडे छापले तर वाचणारी गोंधळून पान उलटेल. ठरवलं : ७००च्या खाली जायचं नाही, १,००० गाठायचा प्रयत्न करायचा, पाळी गेल्यावर १,२००पर्यंत.

घाई का, तेही सांगायला हवं. हाडं झपाट्याने विरळ होतात ती शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधीपासून पुढची दोन वर्षं. हेही 'स्वान'मधूनच कळलं. म्हणजे पाळी गेली आता बघू, असं म्हणेपर्यंत गळती सुरू झालेली असते. चाळिशीतल्या वाचकांना हे पान उद्देशून आहे, हे वरच लिहायचं.

आता ताट. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम, मोठ्या पेल्यात ३००. दही त्याच्या आसपास. दूध न चालणाऱ्यांना कॅल्शियम घालून बनवलेला टोफू, काट्यांसकट खाता येणारे छोटे मासे, कॅल्शियम मिसळलेलं सोयादूध. पालेभाज्यांचं मात्र नीट सांगायला हवं. पालकात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण त्यातलं ऑक्झलेट ते धरून ठेवतं आणि शरीराला जेमतेम पाच टक्के मिळतं. दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं. मोहरीची पानं आणि कोबीच्या कुळातल्या इतर पालेभाज्या याबाबतीत पुष्कळ चांगल्या. पालक खायचाच, पण कॅल्शियमच्या खात्यात तो मांडायचा नाही.

५ फेब्रुवारी

माझी मोठी चूक सापडली, आणि ती मला नाही, ५९च्या ताईंना सापडली. मी लिहिलं होतं, "बाजारातल्या गोळीत १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे एका गोळीत दिवसाचं काम झालं." त्यांनी आपल्या बाटलीवरचं लेबल मोबाइलने मोठं करून पाहिलं. वरची ओळ : कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मि.ग्रॅ. खाली बारीक अक्षरात : मूळ कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. कार्बोनेटच्या वजनात कॅल्शियमचा वाटा चाळीसच टक्के असतो, हे मला पाठ आहे आणि तरी लिहिताना हात घसरला. ही पुस्तिका तशीच छापली गेली असती तर कुणीतरी अडीचपट जास्त मोजून निवांत बसलं असतं. त्या लेबलाचं चित्र आता काढून घेतेय, बारीक ओळीभोवती गोल करून. अर्धं पान त्याला दिलं.

गोळीबद्दल बाकी : एका वेळी ५००पेक्षा जास्त घेऊ नये, शोषण घटतं. कार्बोनेट जेवणाबरोबर; कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकारची गोळी केव्हाही. आणि ताटातून मिळत असेल तर गोळीची भर घालायची नाही. अमेरिकेत ३६,२८२ बायकांपैकी निम्म्या जणींना १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी देऊन सुमारे सात वर्षं पाहिलं, २००६ साली निष्कर्ष आले. खुब्याच्या हाडाची घनता किंचित सुधारली, खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मात्र ठामपणे कमी झालं म्हणता येईना, आणि मुतखडे १७ टक्के जास्त झाले. गोळी वाईट, असं मी म्हणत नाही. जिच्या खाण्यात खरंच तूट आहे तिच्यासाठी ती आहे.

१० फेब्रुवारी

५०च्या ताई थायरॉइडची गोळी पहाटे घेतात. कॅल्शियमची गोळी अर्ध्या तासाने, नाश्त्याबरोबर. दोन्ही नेमाने घेतात आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीचं शोषण अडवतंय. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं; लोहाच्या गोळीलाही तोच नियम. कॅल्शियम रात्रीच्या जेवणावर ढकलायला डॉक्टरांनी संमती दिली. इतकी वर्षं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

घड्याळाचं एक चित्र काढायचं : कुठली गोळी कुठल्या वेळी. पान १४.

१८ फेब्रुवारी

लोह. इथे चाळिशी आणि पंचावन्न यांना एकच सल्ला देताच येत नाही, म्हणून पान उभं दोन भागांत चिरलं.

डावीकडे पाळी चालू असलेल्या. अमेरिकी शिफारस दिवसाला १८ मिलिग्रॅम. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत बऱ्याच जणींना जास्त अंगावरून जातं. ४३च्या ताई म्हणाल्या, "जिना चढताना धाप लागते, मी समजले वय झालं." त्रेचाळिसाव्या वर्षी! त्यांचं हिमोग्लोबिन काठावर होतं. फेरिटिन म्हणजे साठवणीतलं लोह तपासलं तर ते तळाला गेलेलं. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठवण रिकामी असू शकते, हे वाक्य मी ठळक केलंय. कडधान्यांवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा-कॉफी नको, तासाभराचं अंतर ठेवा. पण साठवण तळाला गेली असेल तर नुसत्या ताटाने ती भरत नाही. गोळी लागते, आणि इतकं का जातंय याचा शोधही लागतो.

उजवीकडे पाळी गेलेल्या. गरज उतरून ८ मिलिग्रॅम. आता सवयीने लोहाची गोळी चालू ठेवायची नाही. आणि पाळी गेल्यावरही लोह कमी निघालं, तर ते कुठून तरी झिरपतंय का, पोटातून किंवा आतड्यातून, हे तपासून घ्यायचं. डॉक्टर बाईंनी खाली लाल चौकट आखली : "बारा महिन्यांनंतर एक थेंब जरी अंगावरून गेला तरी त्याच आठवड्यात दाखवा."

२६ फेब्रुवारी

तेल, मीठ, साखर. दीड पान, पुरे.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, सपाट छोटा चमचा; जागतिक आरोग्य संघटनेचं हेच माप. वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत. भाज्या-फळं मिळून ४०० ग्रॅम, चोथा म्हणजे फायबर २५ ग्रॅम.

तेलाचा मजकूर बदलला. आधी 'तेल कमी' एवढंच होतं. ४८,८३५ बायकांवर आठ वर्षं चाललेल्या अमेरिकी चाचणीत, नुसतं एकूण स्निग्ध कमी केल्याने हृदयविकार वा पक्षाघात लक्षणीय घटले नाहीत, हे २००६ सालीच दिसलं. म्हणून भर आता कशाच्या जागी काय, यावर : लोणी, साय, चरबीयुक्त मांस यांच्या जागी वनस्पती तेलं, दाणे, मासे. शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात वाईट कोलेस्टेरॉल वर उडी घेतं, तेव्हा त्या सुमारास रक्त तपासून घ्या, ही ओळ घातली.

५ मार्च

अंगातून वाफा येण्याचं पान. सगळ्यात आधी हेच पान वाचलं जाणार, हे मला माहीत आहे, म्हणून इथे खोटी आशा नको. माझ्या आराखड्यात मथळा होता, 'वाफांवर सोया'. उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीच्या २०२३च्या निवेदनात सोया, वनौषधींच्या गोळ्या, आहारातले बदल यांपैकी कशाचीही वाफांसाठी शिफारस नाही. पुरावा तेवढा भक्कम नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने फायदा होऊ शकतो, एवढं त्यात आहे. मथळा खोडला. सोयाबीन प्रथिनांच्या पानावर सुखरूप आहे.

५४च्या ताई रात्री तीनदा उठतात, चादर भिजते. त्यांना मी काय खा म्हणून सांगू? पानावर स्वच्छ लिहिलं : झोप मोडण्याइतका त्रास असेल तर डॉक्टरांकडे जा, त्यावर चांगले उपचार आहेत, सोसत बसू नका. आहाराच्या पुस्तिकेत हे लिहिणं माझं काम नाही असं कुणी म्हणेल. मला ते माझंच काम वाटतं.

१३ मार्च

ब-१२ आणि ड, एकाच पानात. ब-१२ शाकाहारात मुख्यतः दूध-दह्यातून मिळतं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर आणखी कमी शोषलं जातं. हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासा. ड जीवनसत्त्व दिवसाला ६०० युनिट, सत्तरीनंतर ८००. मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घ्यायच्या नाहीत.

२४ मार्च

पाचांपैकी चार प्रती परत. फुल्या कमी झाल्यात. ४७च्या ताईंनी पान ५वरच्या रिकाम्या चौकटीत स्वतःचा आकडा भरून पाठवला, ६२, आणि खाली पेन्सिलीने 'आज ५८ झाले'.

२९ मार्च

शेवटची प्रत ५९च्या ताईंची. सगळ्या पुस्तिकेत एकच फुली, पण पान २१वर, व्यायामाच्या मथळ्यावर. समासात लिहिलंय : "हे इतकं मागे का? गेल्या वर्षी खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागायचा. अंडी सुरू केली तेव्हा नाही सुटला तो, खुर्चीवर उठबस सुरू केली तेव्हा सुटला."

बरोबर आहे. प्रथिनं म्हणजे विटा, पण स्नायूवर ताण पडल्याशिवाय गवंडी कामाला येत नाही. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं आहे. ते मी शेवटी टाकलं होतं, कारण 'आहाराची पुस्तिका' हे शब्द डोक्यात घट्ट बसले होते.

पान २१ उचलून पान ६ केलं, प्रथिनांच्या लगेच पुढे. खुर्चीची तीन चित्रं तिथेच आली. पुढचे सगळे पृष्ठक्रमांक बदलले, अनुक्रमणिका नव्याने लावली, घड्याळाचं चित्र आता पान १५वर. डॉक्टर बाईंनी रात्री साडेनऊला शेवटची सही केली. उद्या फाइल छपाईला.